सरांच्या रक्ताची स्लाइड

आमच्या संस्थेत दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला रक्त सरांचं असायचं. सर म्हणजे मी. हा रिवाज कुणी ठरवून पाडला नव्हता. आधी पोरं एकमेकांच्याच बोटात सुई टोचायची. एका वर्षी एका मुलीला चक्कर आली आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील जिना चढून वर आले. "पोरीले शिकाले पाठवलं जी आम्ही, रक्त द्याले नाही," म्हणाले. त्यांच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा स्वतःची बाही वर करणं मला सोपं वाटलं. तेव्हापासून पहिल्या प्रॅक्टिकलची ट्यूब माझ्या हातातून भरायची, सगळ्या बॅचमध्ये थेंब थेंब वाटायची, आणि सरांचं रक्त म्हणजे नॉर्मल असं धरून सगळ्यांनी शिकायचं, हे ठरूनच गेलं. पोरं माझं रक्त पितात असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचो आणि त्यावर सगळे दरवर्षी तेवढंच हसायचे.

संस्था यवतमाळात. खाली मोबाइलची दुकानं, वर आम्ही. कोर्स लॅब टेक्निशियनचा. मुलं येतात ती कळंब, दिग्रस, महागाव, घाटंजीकडची. बारावी सायन्स झालेली, नीटच्या परीक्षेत नंबर न लागलेली, घरच्यांनी 'काहीतरी कर' म्हटलं म्हणून आलेली. डोकं चांगलं असतं, पण इंग्रजी शब्द आला की अंग चोरतात, आणि पुस्तकं सगळी इंग्रजी. म्हणून माझं खरं काम रक्त तपासायला शिकवणं नव्हतंच. शब्द फोडून देणं हे माझं काम होतं.

पाठ केलेली व्याख्या ऐकली की माझं डोकं फिरतं. एकदा एका मुलाला मी विचारलं, अ‍ॅनिमिया म्हणजे काय. तो डोळे मिटून इंग्रजीत घडाघडा सुरू झाला. मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, "इथं तुझी आई बसली आहे. तिला सांग." तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. माझ्यात आई शोधणं त्याला जड जात असावं. शेवटी म्हणाला, "आई, तुह्या रक्तात लाल कमी हाये. म्हणून तुले पाणी आणताना धाप लागते." वर्ग हसला. मी त्याला पूर्ण मार्क दिले आणि पुढे प्रत्येक शब्द याच पद्धतीने शिकवायला लागलो. साइन म्हणजे दुसऱ्याला दिसतं ते, सिम्प्टम म्हणजे ज्याचं त्यालाच कळतं ते. पुरळ दिसते, डोकेदुखी दिसत नाही. एवढं समजलं की अर्धं पॅथॉलॉजी समजलं, असं मी म्हणायचो. मास्तर लोक असं काहीही म्हणतात.

माझा सगळ्यात लाडका शब्द मात्र आर्टिफॅक्ट. स्लाइडवर दिसतं, पण रोग्याच्या अंगात नसतं. आपल्याच हातून तिथं आलेलं असतं, ते आर्टिफॅक्ट. धुळीचा कण, रंगाचा खडा, सुकलेल्या पाण्याचा डाग. नवीन पोरगा रंगाच्या खड्याला जंतू समजतो आणि चांगल्या माणसाला आजारी करून ठेवतो. म्हणून मायक्रोस्कोपला डोळा लावला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की हे रोग्याचं आहे की माझं? आणि शंका आली तर कंट्रोल लावायचा. म्हणजे ज्याच्याबद्दल खात्री आहे असा दुसरा नमुना त्याच हाताने, त्याच रंगाने करून पाहायचा. तो बिघडला तर दोष आपला. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की माझ्या बायकोलाही ते ऐकून ठाऊक झालं होतं. भाजी खारट झाली की ती म्हणायची, "मीठ माह्या हातचं नाही, तुमच्या जिभेचं असन. दुसऱ्या कोणाले चाखवून पाहा."

तर यंदाचीही बॅच बसली आणि मी बाही वर केली. जांभळ्या टोपणाची ट्यूब भरली. पोरांनी काचेच्या एका टोकाला थेंब ठेवला, दुसरी काच तिरपी टेकवून तो थेंब एका दमात पुढे ओढला, वाळवला, रंग दिला, धुतला. मग तेलाचा थेंब टाकून शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि पाच जातींपैकी कुठली किती ते सांगायचं. पहिल्या दिवशी हे कुणालाच जमत नाही. त्या दिवशीही जमलं नाही, म्हणून मला नवल वाटलं नाही.

मी एकेकाच्या खांद्यावरून वाकून पाहत होतो. प्रत्येक स्लाइडवर जागोजागी पेशी फुटलेल्या. पायाखाली आलेल्या जांभळांसारखे नुसते डाग. मी चिडलो. "हात आहे का मुसळ?" म्हणालो. "काच ओढायची असते, दाबायची नसते." सगळ्यांना पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी उरलेल्या रक्ताचा भरवसा नको म्हणून मी ताजं रक्त दिलं, वापरलेल्या काचा फेकून नव्या काढल्या, रंग गाळून घेतला. पुन्हा जांभळं. एकाने तर घाबरून इतका हलका हात लावला की थेंब जागचा हललाच नाही.

आकडेही सगळ्यांचे चुकत होते. लिम्फोसाइट नावाच्या पेशी शंभरात साधारण वीस ते चाळीस असाव्यात. पोरांच्या वहीत साठ, पासष्ट, कुणाच्या त्याहून जास्त. मी म्हटलं, तुम्ही काचेच्या मधोमध मोजता, तिथं बारक्या पेशी गोळा होतात, मोठ्या कडेला जातात, जागा बदला. जागा बदलून पुन्हा साठ. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं. हात जड, काच मळकी, जागा चुकीची, मोजणारा झोपेत. मी लाल पेनाने एकेक आकडा खोडत गेलो.

महागाव तालुक्यातल्या एका खेड्यातून येणारी एक मुलगी होती. वर्गात फार बोलायची नाही, पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायच्या आधी बोटं एकमेकांत अडकवायची आणि बरोबर उत्तर द्यायची. त्या दुपारी बाकीचे डबे खायला खाली गेले आणि ती थांबली.

"सर, रागावू नका," ती म्हणाली.

"रागावण्यासारखं काय केलंस?"

"म्या माह्या बोटातून एक थेंब घेतला. मंग तशीच स्लाइड केली. तोच रंग, तशीच काच, माह्याच हातानं." तिने ती स्लाइड पुढे केली. "सर, माह्या रक्तातल्या नाही फुटून राह्यल्या."

"मग?"

"तुमच्याच फुटून राह्यल्या."

मी बसलो आणि पाहिलं. आधी तिची स्लाइड. स्वच्छ. पुस्तकात छापावी अशी. पेशी गोल, कडा शाबूत, पाचही जाती आपापल्या प्रमाणात. मग माझी. तिने इतक्या बेताने काच ओढली होती की दोष द्यायला जागाच उरली नव्हती. त्या पातळ थरावर बारीक, गोल, एकसारख्या लिम्फोसाइट दाटीने बसल्या होत्या आणि त्यांच्या अधूनमधून ते फुटलेले डाग. हे चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं, परीक्षेत काढलं होतं, फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवलं होतं. फक्त माझ्या नावाच्या काचेवर ते येईल असं मनात आलं नव्हतं. मला त्या मुलीचा राग आला. का आला ते सांगता येणार नाही, पण आला, आणि तो निवळेपर्यंत मी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो.

"मंग सर, हे आर्टिफॅक्ट नाही काय?"

"आहे पण आणि नाही पण. फुटतात त्या काच ओढतानाच. अंगात त्या फुटलेल्या नसतात. पण चांगली पेशी ओढल्याने फुटत नाही. ती मुळातच नाजूक असली तरच फुटते. म्हणजे हात आपला, पण दोष रक्तातला. अशा डागांना स्मज सेल म्हणतात. लिहून घे."

ती सवयीने वही काढून लिहायला लागली. मग लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं नाही. खाली पाहतच तिने विचारलं, "सर, तुम्हाले काही त्रास होते काय?"

"काही नाही," मी म्हणालो. आणि ते खरंच होतं. मी दोन जिने चढून येत होतो, दोन वेळा पोटभर जेवत होतो, वर्गावर नेहमीइतकाच ओरडत होतो. साइन होतं, सिम्प्टम नव्हतं. सगळ्या जगाला दिसेल असं काचेवर होतं, आणि मला स्वतःला काहीही कळलं नव्हतं.

नागपूरला गेलो. बायकोला सांगितलं, संस्थेचं काम आहे. तिथल्या डॉक्टरांनी मान, काख, पोट दाबून पाहिलं, रक्त मोठ्या मशीनवर पाठवलं, काही दिवसांनी पुन्हा बोलावलं. रिपोर्टमध्ये तेच होतं. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, पण सावकाश चालणारा. क्रॉनिक. डॉक्टर चांगला माणूस होता. त्याने माझा व्यवसाय विचारला आणि ऐकून त्याला हायसं वाटलं. "मग तुम्हाला काय समजावायचं, तुम्ही तर याच लाइनचे," म्हणाला, आणि भराभरा बोलायला लागला. स्टेज, मार्कर, वॉच अँड वेट. म्हणजे औषध आता नाही, दर तीन महिन्यांनी रक्त पाहायचं, वाढ जोरात झाली किंवा लाल पेशी, प्लेटलेट घसरल्या तर उपचार. मी माना डोलावत होतो. माझी पोरं डोलावतात तशाच. शब्द सगळे माझे होते, मीच ते वर्षानुवर्षं वाटत आलो होतो, पण त्या खुर्चीत बसल्यावर मला वाटलं की या माणसाने थांबावं आणि मला काहीच येत नाही असं समजून एकेक शब्द फोडून द्यावा. तसं म्हणायची लाज वाटली. बाहेर दुसरे लोक थांबले होते, मी उठलो.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी काय काय आठवत होतो ते सगळं पुस्तकातलं होतं. काहींना यात वर्षानुवर्षं काहीच होत नाही, म्हातारे होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातात. काहींचं लवकर वाढतं. कोण कुठल्या गटातला हे सुरुवातीला नक्की कुणी सांगू शकत नाही. मुलांना शिकवताना हे वाक्य मी एका दमात संपवून पुढच्या मुद्द्यावर जायचो. कळंब येईपर्यंत मी त्या एका वाक्यावरच अडकून होतो.

घरात आम्ही दोघंच. मूलबाळ झालं नाही. बायको घरच्या घरी ब्लाउज शिवते, गल्लीतल्या बायका मापं द्यायला येतात तेव्हा घरात आवाज असतो, एरवी मशीनचा. तिला न सांगून चालण्यासारखं नव्हतं. मी ठरवलं की नीट सांगायचं. आयुष्यभर हेच तर केलं होतं. ती काजं करत बसली होती, मी समोर बसलो आणि आजाराचं नाव टाळून, साध्या शब्दांत, सगळं सांगितलं. तिने सुई कापडात टोचून ठेवली.

"दवाई कोणती देली?" तिने विचारलं.

"औषध नाही दिलं."

"काहून?"

"सध्या गरज नाही. फक्त लक्ष ठेवायचं. वाढलं तर मग देतील."

"मंग वाढाची वाट कायले पाह्यची? आताच काहून नाही देत?"

मी समजावलं, की या आजारात लवकर औषध देऊन आयुष्य वाढत नाही, नुसता त्रास वाढतो. वर्गात सांगतो ते उदाहरणही दिलं. अक्यूट म्हणजे घरावर चालून आलेला माणूस, त्याला लगेच हाकलावं लागतं. क्रॉनिक म्हणजे मुक्काम ठोकून बसलेला पाहुणा. तो कोपऱ्यात गुपचूप बसला आहे तोवर त्याच्याशी भांडण उकरून काढायचं नाही.

"पाहुणा म्हणता," ती म्हणाली, "अन् त्याले चहाबी देत नाही, हाकलतबी नाही. असं कुठं असते?"

मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, पटलं. पटलं नव्हतंच. तिने तिच्या हिशोबाने सगळं समजून घेतलं होतं आणि तो हिशोब मला दोन दिवसांनी कळला. तिचे वडील शेवटच्या आजारात दवाखान्यात होते. महिनाभर सलाइन, इंजेक्शनं, गोळ्या, सगळं चालू होतं. मग एका सकाळी डॉक्टरने सगळं बंद केलं, काही लिहून दिलं नाही आणि सांगितलं, घरी न्या, सेवा करा. दिग्रसला घरी नेलं आणि ते गेले. आमच्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. आणि तिच्या स्वतःच्या बाबतीत, लग्नानंतर मूल व्हावं म्हणून दवाखाने केले ती सगळी वर्षं, प्रत्येक डॉक्टरने तिला काही ना काही घ्यायला दिलं होतं. ज्या डॉक्टरने काहीच दिलं नाही तो शेवटचा होता. औषध न देता घरी पाठवणं म्हणजे काय, हे तिला माझ्याकडून शिकायची गरज नव्हती.

तिने गल्लीत आणि माहेरी कळवलं. घरी पाहुणे यायला लागले. शेजारचे केळी घेऊन आले. तिच्या मापाच्या बायका दारातूनच माझ्याकडे पाहून जायच्या. दिग्रसहून तिचा मोठा भाऊ आला, माझा हात हातात घेऊन बसला. एरवी हा माणूस मला कापसाच्या भावावरून तासभर छळतो. त्या दिवशी कापसाचं नावही काढलं नाही.

"जवाईबुवा," शेवटी तो म्हणाला, "काही खावंसं वाटते काय? मनात काही असन तर सांगा."

मला हसावं की रडावं कळेना. "पाटवडीचा रस्सा," मी म्हणालो. "झणझणीत."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पहिल्या बसने रश्श्याचा डबा घेऊन हजर. मी दोनदा वाढून घेतला. मी खात होतो आणि तो भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. मी मेटाकुटीला येऊन म्हटलं, "अहो, मला काही झालेलं नाही." तर म्हणाला, "हो जी, हो जी," आणि आणखी रडला. भूक चांगली असणं हे चांगलं लक्षण आहे, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यांच्या वडिलांनाही शेवटी चांगली भूक लागली होती, असं तो म्हणाला.

बायको एक दिवस कळंबला जाऊन चिंतामणी गणपतीला काहीतरी नवस बोलून आली. काय बोलली ते सांगितलं नाही. सकाळी उठल्यावर पपईच्या पानाचा कडू रस, मग गव्हांकुराचा, दुपारी बीट. याने काही होत नाही हे मला माहीत होतं. काही होत नाही हे तिला सांगायची माझी ताकद नव्हती. मी वाट पाहा म्हणत होतो, आणि वाट पाहताना माणसाने हातांचं काय करायचं याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ती निदान पानं वाटत होती. मी काही दिवसांनी आरशासमोर उभा राहून गळ्याच्या बाजूच्या गाठी चाचपायला लागलो. दाढी करताना, आंघोळीआधी, वर्गावर जायच्या आधी. एकदा तिने दारातून पाहिलं आणि मागे फिरली. त्यानंतर मी कितीही सांगितलं असतं तरी तिचा विश्वास बसणार नव्हता, आणि दोष तिचा नव्हता.

संस्थेतही सगळ्या बॅचला कळलं होतं. त्या मुलीने सांगितलं नसणार. पण साठ आणि पासष्ट सगळ्यांनीच मोजले होते. पोरं एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. कुणी उशिरा येईना. मी उभा राहिलो की कुणीतरी खुर्ची सरकवायचं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि ते ओरडण्यासारखं काही करतच नव्हते. क्रॉनिक हा शब्द शिकवायचा दिवस आला तेव्हा मी सांगितलं की हा तुम्ही घरी वाचून या. माझ्या इतक्या वर्षांत मी कुठलाही शब्द घरी वाचायला दिला नव्हता.

तीन महिने झाले, पुन्हा रक्त पाहायची वेळ आली. नागपूरला द्यायचंच होतं, पण त्याआधी मला आपल्या मायक्रोस्कोपवर पाहायचं होतं. सकाळी निघालो तर बायको चपला घालून दारात उभी.

"मीबी येतो," ती म्हणाली.

"तिथं काय करशील?"

"तुम्ही खरं सांगत नाही. मले माह्या डोळ्यानं पाह्यचं हाये."

मी नको म्हणालो नाही. खरं तर मला बरं वाटलं. तिला काचेवर दाखवलं तर पटेल, असं मास्तराच्या डोक्यात आलं. जिना चढताना ती दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा मला दम लागला का ते पाहत होती.

स्वतःचं स्वतः मोजू नये, हे मी पोरांना सांगत आलो होतो. म्हणून मी त्या महागावकडच्या मुलीला बोलावलं आणि बाही वर केली. तिने रक्त घेतलं, स्लाइड केली, रंग दिला. मग मोजायला बसली. एकेका पेशीला मोजणीयंत्राचं बटण खट् करून दाबायची आणि बायको त्या प्रत्येक खट्ला माझ्याकडे पाहायची. मोजून झालं. मागच्यापेक्षा थोडं वाढलं होतं. फार नाही.

"वाढलं ना?" बायको म्हणाली. "म्या म्हणतच होती."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो? पाहुणा, रेंज, स्टेज, सगळं तेच. तेवढ्यात त्या मुलीने स्टूल ओढलं आणि म्हणाली, "काकू, इथं बसा. एक डोळा झाका. नाही, थो नाही, दुसरा."

तिने आधी स्वतःच्या रक्ताची स्लाइड लावली, मग माझी. "हे तांबडं दिसते ना, थे लाल पेशी. सरच्या बरोबर हायेत. हे बारीक बारीक ठिपके, थे प्लेटलेट. थेबी बरोबर. ह्या जांभळ्या जाड्या, ह्या पांढऱ्या पेशी. यातली एक जात सरच्या रक्तात जादा झाली. झाली ना? पण तिनं अजून दुसऱ्याची जागा नाही घेतली. घेतली तर लाल कमी होईन, मंग धाप लागन. अजून नाही लागत. आता दवाई देली तर थे ह्या चांगल्या पेशीलेबी मारन."

बायको बराच वेळ डोळा लावून बसली. मग म्हणाली, "मंग डाक्टरनं हात नाही टेकले?"

"हात टेकले असते तर तीन महिन्यांनी पुन्हा काहून बलावलं असतं, काकू?"

तीन महिने मी जे सांगत होतो ते हेच होतं. पण हे असं सांगता येतं हे मला सुचलं नव्हतं. बायकोच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. तिने पदराने डोळा पुसला, मग मायक्रोस्कोपची काचही पुसायला गेली. मुलीने हळूच तिचा हात धरला. बायको हसली. या तीन महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की आजार बरा झाला असं कुणी सांगितलं असतं तरी मी त्या क्षणी विश्वास ठेवला असता.

"बेटा," बायकोने तिचा हात न सोडता विचारलं, "मंग अजून किती वर्सं?"

मुलीने बोटं एकमेकांत अडकवली. माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"थे सरनं आम्हाले नाही शिकवलं, काकू."

बायको माझ्याकडे वळली.

"तुम्हाले येते?"

"नाही," मी म्हणालो.

तीन महिन्यांत मी तिला जे जे सांगितलं होतं, त्यातलं हे एकच तिला लगेच पटलं.